दुसऱ्याने तपासलेला हिशेब

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय केशवराव, मुद्दाम वेळ काढून आलेले पाहुणे आबासाहेब, मंडळाचे चिटणीस हिम्मतराव, तामीरात खात्यातली, म्हणजे बांधकाम खात्यातली आमच्या यजमानांची मित्रमंडळी, काचीगुड्यातले शेजारी आणि आमच्या शाळेतल्या मुलींच्या आयांनो,

पत्रिकेवर ‘श्री. एकनाथराव व सौ. मालनबाई यांना निरोप’ असे छापले आहे. येत्या एक तारखेला आपला मराठवाडा मुंबई राज्यात जातो, हैदराबाद आंध्र प्रदेशात जाते आणि हे औरंगाबादला जातात. तेव्हा बायकोही जाणार, असे मंडळाने धरले. यात मंडळाचे काही चुकले नाही. पण सुलतान बाजारातली आमची मुलींची मराठी शाळा मी चालवते, आणि मी गेले तर तिचे काय, या एका प्रश्नाने आमच्या घरात दसऱ्यापासून कोणाला धड झोप नाही. तेव्हा त्याबद्दलही बोलेन. आधी उत्सवमूर्तींबद्दल बोलते. नवऱ्याचे नाव घ्यायची मला सवय नाही, म्हणून सभेपुरते ‘इंजिनियरसाहेब’ म्हणते.

साहेबांचे इंजिनियरिंग कॉलेजापर्यंतचे सगळे शिक्षण उर्दूतून झाले. पुलावरचा भार ते आजही उर्दूत मोजतात आणि भांडतात मात्र मराठीत. त्यांचे एक प्राध्यापक वर्गात सारखे म्हणत, “मियाँ, अपने हिसाब पो अपनाच भरोसा नक्को करो.” म्हणजे हिशेब कितीही पक्का वाटला तरी दुसऱ्याने तो पहिल्यापासून, तुमचे उत्तर न बघता करायचा. दोन्ही उत्तरे जुळली तरच काम सुरू. बाकी काय शिकवले ते मला ठाऊक नाही, पण हे एक वाक्य आमच्या घरात सासूसारखे नांदले.

खिडकीला पडदे घ्यायचे तर हे माप घेणार, मग मला वेगळे माप घ्यायला लावणार. सुलतान बाजारातला कापडवाला आम्हाला बघितले की आधी बसायला स्टूल देई. एकदा यांचे मोठे साहेब जेवायला यायचे होते. आमटीत मी मीठ घातले आणि पाने मांडायला गेले. इंजिनियरसाहेब स्वयंपाकघरात आले. चव घेऊन बघावे की नाही? पण चव घेणे म्हणजे माझे उत्तर बघणे! त्यांनी पातेल्यातल्या आमटीचा अंदाज घेतला, मिठाचा वेगळा हिशेब केला आणि घातले. पाहुणे सभ्य होते. पाणी पीत राहिले आणि “बहोत खूब” म्हणत राहिले. हसा, हसा. तेव्हा मी हसले नव्हते.

पण आज भाषणाला उभी आहे तीही त्याच वाक्यामुळे. लग्न झाले तेव्हा मी चौथी पास होते. कामावर खेड्यापाड्यांत राहायचे, तिथे यांचे हिशेब तपासणार कोण? म्हणून कंदिलाशी बसवून यांनी मला गणित शिकवले. स्त्रीशिक्षणाचा उदात्त हेतू वगैरे काही नव्हता, यांना तपासणारे माणूस हवे होते! माझे उत्तर वेगळे आले की हे रागावत नसत. आपला कागद बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून करायला बसत. नवऱ्याने आपल्या उत्तरासाठी स्वतःचे उत्तर मोडून बघावे, याचे सुख किती बायकांना मिळते? मला मिळाले. मग मी परीक्षा दिल्या, शिक्षिका झाले आणि ती शाळा काढली.

आता मूळ प्रश्न. यांना मुंबई राज्यात जाता येत होते, किंवा अर्ज करून इथेच राहता येत होते. साहेब म्हणाले, “तू वेगळा विचार कर, मी वेगळा करतो. एकमेकांशी बोलायचे नाही. उत्तर भामाला सांगायचे.” भामा आमची मुलगी, कॉलेजात जाते. दोघांची उत्तरे ऐकून तिने कपाळाला हात लावला. “अप्पा, जवाब जुळत नाहीत.” यांचे उत्तर होते, राहायचे, कारण शाळा. माझे उत्तर होते, जायचे, कारण गोदावरीच्या खोऱ्यात पूल बांधायचे हे यांचे कॉलेजपासूनचे मनातले काम, आणि आता ते हाताशी आले होते.

नियमाप्रमाणे दोघांनी पुन्हा केले. भामा बाहेर आली ती हसत होती की रडत होती, कळेना. या वेळी हे म्हणाले होते जायचे आणि मी म्हणाले होते राहायचे!

मग साहेब आमच्यासमोर येऊन बसले. ते काय बोलणार, हे मला त्यांच्या तोंडावरून कळले होते आणि त्यांनी ते बोलू नये असे मला फार वाटत होते. पण ते बोललेच. “दोनदा जुळले नाही, म्हणजे हिशेबात दोष नाही. प्रश्नच चुकीचा मांडलाय. दोघांनी एकाच गावी राहायचे, हे आपण न तपासता धरले.”

त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. बायको आपल्यामागे येतेच आहे, ते कशाला तपासायचे? पण यांना ते जमत नाही. ज्या उत्तराने स्वतःचेच नुकसान व्हायचे, तेसुद्धा हे तपासतात. त्या कॉलेजाने यांचे केले ते हे, आणि याबद्दल त्या कॉलेजाला धन्यवाद द्यावेत की दोष द्यावा, हे मला आजही ठरवता येत नाही.

आम्ही तिसऱ्यांदा वेगवेगळा विचार केला. या वेळी उत्तर जुळले. हिशेब जुळला की इंजिनियरला आनंद होतो म्हणतात. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवले नाही.

तर मंडळी, निरोप एकट्या इंजिनियरसाहेबांना आहे. माझी ओटी भरलीत, मी ती प्रेमाने घेतली, पण निरोप म्हणून नाही. मंडळाने हा समारंभ केला, अध्यक्ष आणि पाहुणे कौतुकाचे चार शब्द बोलले, यांच्या सोबत्यांनी इतकी वर्षे यांची तपासणी सोसली, त्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. घरातले बोलणे सभेत आणले, कुणाला ते रुचले नसेल तर शाळेतल्या बाईची जीभ समजून पोटात घाला.

आणि एक विनंती. पुष्कळ घरे सामान बांधत आहेत, ते मला दिसते आहे. पण ज्यांच्या मुली हैदराबादेतच राहणार आहेत, त्यांनी दिवाळीची सुट्टी संपली की त्यांना शाळेत पाठवा. शाळा उघडी असेल. मी तिथे आहे.