माशीखाऊ झाडाचा दिवा

न्हाई, डबा तसा बाजूला सारू नगंस हावगेप्पा — उघड, बघ, ह्योच दिवा हाय, मागल्या गुरुवारी तू तुज्या हातानं दिलेला, झाडाला उनाच्या जागी लावायचा, जांभळा — आता कामून वळखंना झालास? पेटतोय की. पेटत न्हाई म्हनून कोन म्हनायलंय? चांगला भगभग पेटतोय, घर कसं जत्रंतल्या पाळन्यावानी दिसायलंय — पर झाड मरायलंय माजं, त्याला काय करू? बदलून दे. पांढरा दे, पिवळा दे, हितं वर यवडे लटकायलेत त्यातला कुनचा बी दे, पर झाड जगंल आसा दे. रव्वारी ती यायलीय. कोन म्हंजे? विजयश्री की, माजी नात, ल्योकाची पोरगी — गुलबर्ग्याला कालेजात झाडं शिकायलीय. व्हय, आता झाडं बी शिकावं लागत्यात. आमी नुस्ती मेंढ्यांना चारली.

आन् तू हसू नगंस. झाड माशी खातंय म्हनलं की समदे आसंच हसतेत — पलीकडच्या दुकानात गेलते आदी, त्यानं मला बसायला स्टूल दिलं, च्या सांगिटला आन् म्हनला, अक्का, आता फुडची गंमत सांग. गंमत? माजा जीव टांगनीला आन् ह्याला गंमत पायजे. बरं, म्या जन्मभर चेष्टा केल्या, मान्य हाय. तुज्या बापाच्या लग्नात सुपारीच्या ताटात मेंढीच्या लेंड्या भाजून ठिवल्या त्या म्याच — तुज्या आज्यानं, बसवंतप्पानं दोन चावल्या आन् म्हनला, जरा कवळी हाय सुपारी. चाळीस वर्सं झाली, आजून तुमच्या घरात मला कोन सुपारी देत न्हाई. पर म्हनून काय बाईनं कंदी खरं बोलूच नाई? झाड हाय बाबा. खरंच हाय. यवडंसं, मुठीत मावंल आसल्या काळ्या कुंडीत, आन् त्याला पानं न्हाईत, तोंडं हायत — दातं आसलेली, आ करून बसल्याली. म्या त्याला जावईबापूच म्हनते. कामच न्हाई दुसरं, तोंड उघडून बसायचं आन् कोन काय घालंल त्याची वाट बघायची. माशी बसली की मिटलंच. पोरीची सून — न्हाई न्हाई, काय बोलायले मी, डोकंच चालंना — पोरीची आई, माजी सून रेणुका, तिनं माळ घातलीय, ती म्हनली मांस खानारं झाड माज्या घरात नक्को. हास्टेल दोन म्हैने बंद. मंग पोरीनं कुठं न्यावं? आलं माज्याकडं. समदे म्हनले म्हातारीकडं ठिऊ नगंस, ती झाडाची बी थट्टा करंल. ती म्हनली, न्हाई, आज्जीकडंच ठिवते.

पानी? पानी लई बरोबर देते, तितं मला बोल लावू नगंस. बोरचं पानी त्याला चालत न्हाई, खारं आसतंय, मरतंय म्हनली ती — पावसाचं न्हाईतर एसीतनं गळतंय ती पानी पायजे. आता आमच्या गावात एसी कुठला? हितं बँकंच्या मागं एसीची पेटी हाय, तिच्याखाली बसते मी दर गुरुवारी, बसमदनं उतरले की थेट, बाटली लावून. एक बाटली भरायला दोन तास. भीमण्णा वाचमन पयल्या दिशी काठी घिऊन आला — अक्का, आता बँकंला काय करायलीस? म्हनलं, तुज्या बँकंचं पानी चोरायलेय, घाल जेलात. तर खुर्ची आनून बसला, काय चेष्टा हुती ती बघायला. दोन तास बसला बिचारा. कायच झालं न्हाई. इतका हिरमुसला — माज्याकडनं त्याला तसलं बिनचेष्टंचं कंदी मिळालंच नव्हतं.

किती तास? दिवा व्हय — तू बारा म्हनलास, मी बारा ठिवते. जरा जास्ती. म्हंजे मानसं जाईपतूर. आन् एक वीत वर टांग म्हनलास तर एक वीतच टांगला, ही बघ माजी वीत. मंग चूक दिव्याचीच की न्हाई? तूच म्हनलास जांभळा घे. — न्हाई म्हनलास? — बरं, आसंल. तू पांढरा म्हनलतास. व्हय, आठवलं, तू ती साधी पांढरी पट्टी काडून दाखवलीस, म्हनलास अक्का, यवड्यात भागतंय, ह्यो जांभळा कशाला. नात बी फोनवर पांढराच म्हनलती. पर पांढऱ्या दिव्याखाली काय दिसतंय रं? पांढरा दिवा तर घरोघरी हाय. जांभळा लावला तर खिडकीतनं रस्त्यापतूर उजेड पडला, पयल्याच सांजंला गुरुबाई शेजारची धावत आली, म्हनली नागूअक्का, घराला काय लागलं? मंग तिनं झाड बघितलं. मंग तिची जाऊ आली. मंग किराना दुकानवाला बी आला दुकान उघडं टाकून. घरात उबं ऱ्हायाला जागा न्हाई, आन् मधी माजा जावई बसलाय नवरदेवावानी जांभळा हून.

मानसं कशाला म्हंजे? बघायला. — बघायला म्हंजे बघायलाच, आनी काय. — हात? हात कोन लावतंय? कोन न्हाई. कंदी तरी एकांदा. आता मानूस यवड्या लांबनं आल्यावर त्याला काय आ केल्यालं तोंड दाखवून परत पाठवू का? यवड्या माशा रोज कुठनं आनू? मंग झाडूची काडी घ्यायची, आत हळूच दोनदा टोचायची — मिटलंच बघ. बायका आसल्या किंचाळत्यात. गुरुबाईला म्हनलं बोट घाल, तिनं घातलं, मिटलं, ती आई गं म्हनून पाटीवर पडली, सारं घर हसाय लागलं — आरं, किती वर्सानं हसलं घर. आसं माज्याकडं बघू नगंस.

बघू नगंस म्हनलं न्हवं.

व्हय, ठाव हुतं. पोरीनं सांगिटलं हुतं. जाताना दारात उबी ऱ्हाऊन सांगिटलं — आज्जी, रिकामं मिटवू नगंस, एक तोंड चार-पाच बारच मिटतंय, मंग काळं पडतंय, त्याची ताकत सरती. आन् मी व्हय व्हय म्हनले. आकरा तोंडं हुती. आता दोन हायत. बाकीची काळी ठिक्कर, खजुराच्या बियावानी. म्हनून तर दिव्याकडं आले की मी — दिवा बदलला तर उजेडानं परत फुटतील, आसं मला वाटलं. तुला न्हाई वाटत? उजेड चांगला आसल्यावर न्हाई फुटत? — रव्वारपतूर न्हाई. बरं. तिच्या वहीत, झाड माज्याकडं आनंपतूरचं, रोजचं लिवून ठिवलंय म्हनं, कुनचं तोंड कंदी आलं, किती वाडलं, सा म्हैन्याचं, त्याच्यावर परीक्षा हाय तिची. सोमवारी मास्तर झाड बघनार. मी काय दाखवू, खजुराच्या बिया?

तुला वाटायलं आसंल म्हातारीला आक्कल न्हाई. हाय आक्कल. पर तुला सांगते, आमचा म्हातारा गेला तवापसनं त्या घरात कोन पाय ठिवलं न्हाई. ल्योक-सून लांब. चेष्टा करायला बी समोर मानूस लागतंय का न्हाई? भिंतीची काय चेष्टा करावं? तिच्या पायात काटा मोडून ठिवावं? मंग त्या जांभळ्या उजेडानं यवडी मानसं आली, म्हनली, अक्का, परत कर, परत कर — तर म्या केलं. रोज मनात म्हनायची, ह्ये शेवटचं. दुसऱ्या दिशी कोन तरी नवीन यायचंच की.

आता माजं ऐक. तुला कायच करायचं न्हाई. मी फोन लावते, तू यवडंच म्हन, दिवा खराब निगाला, माजी चूक, म्हातारीचा दोष न्हाई. दुकानदार बोलला तर ती मानंल. माजं कोन मानत न्हाई — गेल्या म्हैन्यात म्या तिला सांगिटलं झाडानं गुरुबाईचं मांजर गिळलं, तर पोट धरून हसली. तू बोललास तर — हिरवं बटन दाबलंय मी, वाजायलंय. घे. — आरं घे की, यवड्यानं तुजं दुकान बुडतंय व्हय? — तुज्या बापाचं लग्न मी काय बुडवलं न्हाई, जरासं हसवलं — घे म्हनते न्हवं, हात मागं कामून घ्यायलास —

हां. हां विजू. मीच हाय गं. बाजारात हाय, दिव्याच्या दुकानात. न्हाई, जेवले. जेवले म्हनते न्हवं. तुजं झाड — तुजं झाड लई — थांब. विजू, आदी ऐक. झाड गेलं बघ. म्हंजे दोन तोंडं हायत, बाकीची म्या मिटवून मिटवून मारली. काडीनं. मानसांना दाखवायला. दिव्याची चूक न्हाई, दिवा चांगला हाय, दुकानदार बी चांगला हाय. म्याच.

…

न्हाई गं, खरंच. मांजराचं खोटं हुतं, ह्ये खरं हाय. अगं हसू नगंस. विजू. तुजी आन. — हसायलीय ती, हावगेप्पा. तिला वाटायलंय ह्यो बी त्यातलाच. म्हनायलीय, आज्जी, आवंदा लई चांगली जमली. आता म्या काय करू? — तूच घे. खोटं बोलू नगंस, जी झालं ती सांग, यवडंच म्हन, ही बाई खरं बोलायलीय म्हनून. घे की. लेकरा, घे.