दुरियनचाच वास

...आणि वास येतोय म्हटलं की हे म्हणणार काय? "दुरियनचा आहे!" आता तुम्हीच सांगा, आमच्या मेदान शहरात दुरियनच्या दिवसांत कुठल्या घरात त्या फळाचा उग्र वास नसतो? पडवीत काटेरी सालींचा ढीग, ह्यांच्या मिशांना गर, आणि आत स्वयंपाकघरात सिलिंडर... फुस्स करतोय! हळूच! कुणी कानात बोलावं तसा!

तुम्हाला सांगते, मी आधीच म्हटलं होतं, अहो मोनांगचे बाबा, गॅसचं काम आहे, मिस्त्रीला बोलवा. तर हे, "त्यात काय एवढं? मीच करतो!" केलं! सायकलची ट्यूब कापून रबर बसवलं, वरून दोरी आवळली! सिलिंडर आहे की बकरा?

दुसऱ्या दिवशी मांजरीनं पिल्लं तोंडात धरून एकेक करत शेजारी नेली. मी म्हटलं, "बघा, तिला कळलं!" हे म्हणाले, "तिला दुरियन आवडत नाही."

तेवढ्यात शेजारचे म्हातारे, ओपुंग सिहार, दारात! तोंडात लवंगेची सिगारेट, पेटलेली! "सूनबाई, फळ फोडलंय वाटतं? एकटेच खाताय?" मी ओरडले, "ओपुंग, तिथंच थांबा!" "का गं, म्हाताऱ्याला एक फोड देववत नाही?" आणि पाऊल आत! अहो, ओढली ती सिगारेट तोंडातून आणि भिरकावली हौदात! आता बोलत नाहीत माझ्याशी. न बोलोत. जिवंत आहेत ना!

मग मीच बोलावलं रांबे मिस्त्रीला. हे आडवे, "कशाला? त्यात काय एवढं, मीच..." "गप्प बसा!" रांबेनं ती ट्यूब चिमटीत धरली. "हे कुणी केलं?" हे छताकडे बघतायत! त्यानं नवीन रबर बसवलं, साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा फुगला नाही. "वहिनी, काम पक्कं. बिनधास्त पेटवा!"

पण वास? वास आहेच की हो! आता हा गॅसचा की दुरियनचा? विचारायला वळते, तर मिस्त्री कुठाय? डोक्यावर हेल्मेट, गाडी ढकलत पार कोपऱ्यावर, आणि तिथनं ओरडतोय, "पेटवा, वहिनी, पेटवा!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी म्हणतील, त्यात काय एवढं... ह्यांनी काडेपेटी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "तुझा हात हलका आहे गं."

तुम्हाला सांगते... घरच्या घरी करा, नाहीतर पैसे मोजून करून घ्या... काडी शेवटी बाईनंच ओढायची!