आमच्या घरी माता आली तवा

तुह्या पोराच्या कांजण्यांवरून मले आमच्या घरचं आठवलं. त्या साली कापसाले भावच नव्हता, म्हणून बाबानं सारा कापूस घरातच भरून ठेवला होता. मी अन् लहान बहीण सुमी त्या ढिगावरच खेळायचो, झोपायचो. एका सकाळी दोघांच्याही अंगावर लाल पुरळ आलं.

"माता आली व बाई!" आई घाबरली. तिनं दाराले कडुनिंब बांधला, फोडणी बंद केली.

बाबानं आम्हाले बाभुळगावले नेलं. डॉक्टर म्हणाले, "कांजण्या नाहीत, कापसाची खाज आहे. कापूस घराबाहेर काढा."

घरी आल्यावर आई कडुनिंब सोडत म्हणाली, "माता असती तं आठ दिवसांत गेली असती. हा कापूस कवा जाईन?"

बाबाच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हासले. त्या हिवाळ्यात त्यांना हासताना मी तेवढंच पाह्यलं.