चौतीसपैकी एकतीस नापास

—ती भिंतीवरची अक्षरं मग वाचू गं टॅबी, आधी सही कर. फॉर्म तुझ्या पुढ्यातच आहे, स्कूल बसचा ड्रायव्हर, नजर ठीक आहे की नाही, खाली रेघ आहे बघ. सोमवारी सव्वासहाला चार नंबरची बस काढायचीय मला आणि सहीशिवाय चावी मिळणार नाही म्हणतात, काय तर म्हणे नवा नियम. बावीस वर्षं चालवतोय मी. तुला नाही का आणली शाळेत, सहा वर्षं? दुसऱ्या बाकावर बसायचीस आणि सफरचंद खाऊन उरलेलं सीटखाली ढकलायचीस — आरशात सगळं दिसायचं मला. दिसायचं म्हणजे अजूनही दिसतं, शब्दात पकडू नकोस. आता तू डोळ्यांची डॉक्टर झालीस आणि मलाच विचारतेस, 'मिस्टर प्रुएट, वय काय?' लिही चौसष्ट.

कुणी फोन केला होता? ट्वायलानं? वाटलंच मला. लग्नाला सदतीस वर्षं झाली, नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायला आजवर पाद्री होता, आता तू. आणि म्हणाली काय, तर याचे डोळे गेलेत आणि हा बंदुकीच्या दुर्बिणींना दोष देतोय. बघ, म्हणूनच खोकं आणलंय. — घाबरू नकोस, बंदूक नाही त्यात, बंदूक पिकअपमध्ये ठेवली, दारावर पाटी लावलीय तुम्ही, मी पाटी पाळणारा माणूस आहे. हे नुसते रेड डॉट आहेत. तुला माहीत असेलच, तुझा बाप हरणांवर जातो की — बंदुकीवर बसवायचं, काचेतून बघायचं, आत लाल ठिपका दिसतो, ठिपका जिथं गोळी तिथं. चांगला घ्यायला गेलं तर पाचशे डॉलर, आणि हे सगळे साठच्या आतले. आता साठ डॉलरच्या वस्तूवर विसंबायचं की नाही, हे गरिबाला कोण सांगणार? कोणी नाही. मी सांगतो. इंटरनेटवर माझे व्हिडिओ आहेत, 'लायलचा निकाल' म्हणून, चार हजार तीनशे लोक बघतात, त्यातले दोन नॉर्वेचे.

आणि माझी तपासणी म्हणजे आरती ओवाळणं नव्हे. बंदूक रिकामी करायची, डॉट बसवायचा, स्क्रूवर रंगाची रेघ मारायची — स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, लबाडी चालत नाही — आणि मग खांद्याइतक्या उंचीवरून खडीवर आपटायचा. तीनदा. मग रात्रभर फ्रीजरमध्ये, हरणाच्या मटणाशेजारी. मग बादलीत. मग कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टॉवेलांबरोबर पाऊण तास, ते मशीन त्यातच गेलं, त्यावरून ट्वायला आठ दिवस बोलली नाही, आठ दिवस घरात कशी शांतता होती म्हणून सांगू. शेवटी आठवडाभर बसच्या मागच्या बंपरला बांधून कच्च्या रस्त्यानं — हे शाळेला सांगू नकोस. आणि एवढं सगळं झालं की संध्याकाळी गॅरेजच्या दाराशी उभं राहून ठिपका बघायचा. ठिपका गोल पाहिजे. फुटला, शेपट्या फुटल्या, तर नापास. डब्यावर लाल रंगानं 'भंगार'. चौतीस तपासले, एकतीस भंगार.

हो, एकतीस. जास्त वाटतात? स्वस्तात असंच मिळतं. — नाही, खडीनं नाही फुटले, स्क्रूवरच्या रेघा शाबूत होत्या, पाणीही कुठं शिरलं नाही. ठिपकाच फुटलेला. सगळ्यांचा सारखाच, डावीकडे वर एक शेपटी आणि खाली दोन. मी व्हिडिओत म्हणालोसुद्धा, हे सगळे एकाच कारखान्यातले चोर आहेत, नुसती नावं वेगळी. एक माणूस हे डॉट मागवून विकायचा, त्याची तीन पत्रं आली, साहेब पुन्हा बघा, माझ्या घरातल्या सगळ्यांनी बघितला, गोल आहे. मी ती पत्रं कॅमेऱ्यापुढे वाचून दाखवली, आवाज काढून. लोक फार हसले. पुढं त्यानं दुकान गुंडाळलं म्हणे.

पास झालेले तीन? ते बरे होते. ते मी — थांब — ते रविवारी तपासले होते, चर्चहून आल्यावर. दुपारी. उन्हात. उन्हात डोळ्याची बाहुली बारीक होते, बरं, पण त्याचा काय संबंध?

समोरच्या गाड्यांचे दिवे? दिसतात की. कोणाला नाही दिसत? पहाटे जरा पसरतात, खराट्यासारखे, शेपट्या — हल्लीचे दिवेच तसले, ते नवे पांढरे, डोळ्यांत सुया खुपसतात. हॅगर्टीबाईंच्या फाटकापुढची टपालपेटी गेली ती त्यामुळेच. समोरून ट्रक आला, मला पांढऱ्याशिवाय काही दिसेना, बस जरा उजवीकडे घेतली, आणि पेटी आडवी. आता मला सांग, टपालपेटी अशी एका धक्क्यात पडावी? पातळ पत्रा, कुजका खांब. मी पेटीलाच नापास केलं. — नाही, तिथं कोणी नव्हतं. म्हणजे त्यांची नात होती, मार्गो, पहिलीत आहे, पण ती चांगली लांब उभी होती. पाच-सहा हात. — तीन हात. दप्तराला पेटीचा पत्रा घासला, बाकी काही नाही. ती रडलीसुद्धा नाही. चढली आणि दुसऱ्या बाकावर बसली. ट्वायलाला हे माहीत नाही. तुलाही सांगायचं नव्हतं मला.

काय करतेस, डॉट डोळ्याला लावून? तुला गोल दिसतो? तू तिशीची आहेस, तुला सगळंच गोल दिसणार. फोनवर फोटो काढून काय होतं, हे फोन स्वतःच चेहरे गोरे करतात, ठिपका गोल करायला त्यांना काय लागतं? नाही, मी मानत नाही. — फिरवू? हातातल्या हातात, आडवा? बरं. डॉट फिरला तर शेपट्याही फिरायला पाहिजेत, दोष डॉटचा असेल तर. ही तपासणी मला मान्य आहे, स्वच्छ आहे, मला कधी सुचली नाही. बघ, फिरवतो. आडवा केला. शेपट्या —

थांब, दुसरा दे.

तो निळ्या डब्यातला दे.

नाही फिरत गं. डॉट उलटा धरलाय मी, आणि शेपटी तिथंच आहे, डावीकडे वर.

चष्म्यानं जाईल, ऑपरेशननं जाईल, ते मला मग सांग. टॅबी, बोलू नकोस जरा. फॉर्म इकडे कर. नाही, तुझं पेन नको, तूच खूण कर — 'नाही'च्या चौकोनात. अगं कर, मला काय बघतेस? बसमध्ये एकोणीस पोरं असतात. आणि शाळेत फोन लाव, सोमवारी चार नंबरला दुसरा माणूस पाठवा म्हणावं. त्याला सांगायला सांग, हॅगर्टींच्या फाटकापाशी बस अगदी हळू घे, ती पोरगी रस्त्याला चिकटून उभी राहते. आणि दारापुढं आता खुणेला पेटी नाही.

जा, लाव फोन. मी नाही बोलणार.