चार नंबरचे दात

सलूनवाला : बसा साहेब, मान मागे टेका. आज तुम्हाला एक गंमत सांगतो. पण हसायचं नाही हां, वस्तरा लागेल.

साहेब : हसायला वेळ कुणाला आहे? आटपा लवकर, ऑफिस गाठायचंय.

सलूनवाला : आटपतोच की. तर मध्ये मला एक पार्सल आलं. माझे दोन्ही हात फेसात. पार्सलवाला आला, खोकं या खुर्चीवर ठेवलं, फोटो काढला आणि गेला. हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, मशीनची पाती मागवली होती ती आली. उघडतो तर आत दात.

साहेब : कसले दात?

सलूनवाला : माणसाचे. वरची कवळी, खालची कवळी, गुलाबी हिरड्यांसकट. आरशासमोर ठेवली तर गिऱ्हाईक आत येईना.

साहेब : मग परत करायची.

सलूनवाला : तेच करायला गेलो ना. पार्सल कंपनीला फोन लावला. आधी गाणं वाजलं. मग बाई म्हणते, तुमचा फोन आमच्यासाठी लाखमोलाचा आहे. परत गाणं. लाखमोलाचा म्हणून तिजोरीत टाकला असेल, कुणी उचलेना. त्या गाण्यात माझं एक अख्खं डोकं कापून झालं.

साहेब : कधीकधी लाइन बिझी असते.

सलूनवाला : असेल. मग एक ताई आली. आवाज असा की साखरेने माघार घ्यावी. म्हटलं, ताई, दुसऱ्याचे दात माझ्याकडे आलेत. ती म्हणते, सर, तुमचं पार्सल पोचलंय, अभिनंदन. म्हटलं, चुकीच्या दारात पोचलंय. तर म्हणे, आमच्याकडे चूक दिसत नाही. दिसेल कशी, चूक माझ्या कपाटात आहे.

साहेब : खोक्यावर नाव असेल की.

सलूनवाला : नाव हल्ली छापत नाहीत म्हणे. गिऱ्हाइकाची गुपितं जपतात. नुसती इमारत आणि चार नंबर. दुकान माझं चार नंबर. वर प्रत्येक जिन्याला एकेक चार नंबर. आता दारोदार काय विचारत फिरू, तुमचे दात कुठे आहेत? लोकांनी माझेच हातात दिले असते.

साहेब : कुठली कंपनी ही?

सलूनवाला : गाल फुगवा. हां, असाच ठेवा. तुमचीच.

साहेब : आमची? शक्यच नाही. आमच्याकडे तक्रार आली की त्याच दिवशी मिटते. तो नियम मीच घातलाय.

सलूनवाला : मिटतेच हो, खोटं कशाला बोलू? मी ताईला विचारलं, ज्याचे दात त्याने काही बोंब मारली का? म्हणाली, आली होती तक्रार, मिटवली. कशी मिटवली? तर म्हणे, पार्सल पोचलंय असं त्यांना कळवलं. झालं. माणूस तसाच बोळका बसलाय आणि तक्रार मिटली. वर मला विचारते, आमच्या सेवेला किती तारे द्याल? म्हटलं, ताई, मला भर दुपारी दिसायला लागलेत, हवे तेवढे काढून घ्या.

साहेब : थांबा जरा. चार नंबर म्हणालात ना? वर आमचंही घर चार नंबर.

सलूनवाला : हलू नका, वस्तरा गळ्याशी आहे.

साहेब : आमच्या बाबांची कवळी हरवलीय.

सलूनवाला : हरवली?

साहेब : म्हणजे आली होती. सिस्टिममध्ये मीच बघितलं ना, पोचली असं स्वच्छ लिहिलंय. बाबांनी घेतली आणि ठेवली कुठेतरी. हल्ली विसरतात ते.

सलूनवाला : आणखी काय काय विसरले?

साहेब : आणखी असं नाही. पण आपले दात विसरणारा माणूस उद्या घर विसरेल. म्हणून घराची किल्ली काढून घेतलीय त्यांच्याकडून. डॉक्टरांची वेळही घेतलीय.

सलूनवाला : म्हणजे दातांपायी किल्ली गेली.

साहेब : काळजीपोटी करतोय हो.

सलूनवाला : काळजीच ती. बरं, पार्सलवाल्याने काढलेला फोटो बघितला का?

साहेब : फोटो चढवलाय की नाही एवढंच बघतो आम्ही. उघडून कोण बघतं?

सलूनवाला : उघडा आता. कापडातून एक हात काढा.

साहेब : हं… लाल खुर्ची आहे. खुर्चीच्या हाताला काळी चिकटपट्टी.

सलूनवाला : आणि तुम्ही बसलाय कशावर?

(साहेब खाली बघतात. सलूनवाला वस्तरा पुसत राहतो.)

साहेब : बाबांना माहीत आहे?

सलूनवाला : दाढीला आले होते. गाल असे आत गेलेले की वस्तरा चालेना. फुगवा म्हटलं, तर हवा निसटते. म्हटलं काका, दात कुठे? तर कापडाला डोळे पुसले नुसते. मग माझी ट्यूब पेटली. कवळी आणून दिली, इथंच आरशात बघून बसवली. मापात. मला नावाने हाक मारून दाखवली, जीभ न अडखळता.

साहेब : मग घरी का नाही आणली? नुसतं पातळ पिऊन राहतायत. ताटावरून उठून जातात.

सलूनवाला : मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, घरी नेली की मुलगा म्हणेल, बघा, सलूनमध्ये विसरून आला होतात. राहू दे तुझ्याकडेच.

साहेब : असं म्हणाले?

सलूनवाला : तुम्ही म्हणाला असतात का नाही?

साहेब : …म्हणालो असतो.

सलूनवाला : चला, तुमच्या कंपनीत कुणाला तरी चूक दिसली.

साहेब : टोमणे पुरे. द्या ती कवळी इकडे, वर नेऊन देतो.

सलूनवाला : बसा, एक गाल राहिलाय. फेस घेऊन जिना चढाल तर लोक हसतील. आणि कवळी तुमच्या हातात नाही द्यायचा मी. ज्याची त्यालाच देणार, एकदा चुकीच्या हाती गेली तेवढं बस झालं.

साहेब : मग मी काय करू?

सलूनवाला : वर जा. किल्ली त्यांच्या हातात ठेवा, आणि काकांना एकट्यानेच खाली येऊ द्या.