मेंदूला रजा

नाही नाही ताई, नोकरीच्या अर्जातली ती ओळ काढूनच टाका. शेवटून दुसरी. — थांबा, पुसू नका! आधी कागदावर छापून द्या. पडद्यावर वाचणं मला कधी जमलंच नाही, बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली ती कागदावरच. ती किल्ली द्या जरा — किल्ली नाही हो, चष्मा. बघितलंत? हे असं होतं. शिडीवरून डोक्यावर पडलो, तेव्हापासून शब्द जागा बदलतात. बोलताना फक्त. वाचताना अजून काना-मात्रा सुटत नाही माझ्या हातून — पण हे मुलाखतीत पटवायचं कसं? पहिल्या ठिकाणी खरं सांगून टाकलं. मालक भला माणूस, लगेच पाणी मागवलं, आणि मग माझ्याशी मोठ्यानं, सावकाश बोलायला लागला, मी बहिरा असल्यासारखा. ‘कळवतो’ म्हणाला. कळवतोय अजून! दुसरीकडे लपवलं. काम मिळालं. तिसऱ्या दिवशी साहेबांना म्हणालो, ‘ही छत्री घ्या ना, बसा’ — खुर्ची म्हणायचं होतं. सगळे हसले, मीही हसलो. चौथ्या दिवशी गेलो नाही. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, आपण होऊन कशाला सांगायचं? तिचं काय, ती तिकडे लांब, रविवारी दहा मिनिटं बोलते.

झालं छापून? आणा. हं — ‘अपघातात मेंदूला रजा.’ ताई! रजा? इजा हो, इजा! हसा, हसा, मलाही हसू येतंय. पण पकडली की नाही चूक? नुसती नजर टाकली आणि पकडली! ‘चूक नजरेतून सुटत नाही’ ही ओळ लिहिता येत नाही ना कुठे अर्जात.

काय? काल काढायला लावली होती, परवा घालायला? आठवतंय मला, तेवढं डोकं शाबूत आहे. विसरतो म्हणून नाही येत मी रोज तुमच्या टायपिंगच्या दुकानात. घरी ‘ठेवू की काढू’ विचारायला कोणी नाही, ताई. फार एकटं वाटतं. तुम्ही निदान ‘हं’ म्हणता. — ह्या अर्जाची मुलाखत कधी आहे? ती... सोमवारीच झाली. गेलो होतो की, दारापर्यंत. खिशात दोन्ही कागद होते, ओळीचा आणि बिनओळीचा. माझं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं. मी आपला जिन्यात, कुठला काढू, कुठला काढू — मग पुढच्याला बोलावलं.

नको, असं बघू नका. जेवायची वेळ झाली ना तुमची? करा बंद मशीन. ते ‘रजा’ तेवढं दुरुस्त करून ठेवा. उद्या येतो.