पेशी दुसऱ्याच्या, अंग माहं

(कटंगीच्या बाजारात सुके झिंगे विकणाऱ्या सुमनबाईंनी सांगितलं, तसं लिहून घेतलं.)

माहा जलम तिरोडीचा. बाप मँगनीजच्या खदानीत होता. आमी बौद्ध, घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळाही हिंदीची, म्हणून माही बोली अशी खिचडी, तुमी लिहून राह्यल्या तं तशीच लिहा, सुधरवू नका. लग्न होऊन कटंगीले आली अन् सासूच्या मांगं मांगं बाजारात बसाले लागली. सुके झिंगे, सुकी मच्छी. वाटे लावायचे अन् हाका मारायच्या. माह्या आवाजानं तुमसरची बस थांबते म्हणत लोक, एवढा आवाज होता माहा.

मंग ते दुखणं आलं. आधी बोटं धरली, सकाळी मूठ मिटत नसे, झिंगे उचलता येत नसत. मंग दोन्ही गालावर लाल चट्टा, उन्हात बसली का आग आग. आता बाजारवाली उन्हात नाही बसणार तं कुठं बसणार, सांगा तुमीच. कोणी म्हणे अलर्जी, कोणी म्हणे बाहेरचं हाय. अन् गिऱ्हाईक, मायवं, वर्सानुवर्सं माह्याकडून घेणाऱ्या बाया माह्यासमोरून बाजूच्या दुकानाकडं वळाल्या. असं तोंड असलेलीच्या हातचं खायचं कोण घेईल? मले रडू नाही आलं, रागच आला, लय राग आला.

नागपूरच्या डॉक्टरनं नाव सांगितलं, ल्युपस. म्हणे आपल्या अंगात राखण करणारी फौज असते ना, ती फिरली, घरच्याच लोकायले मारून राह्यली. मी म्हटलं, म्हणजे चौकीदार पिऊन आला. हासला तो, हौ म्हणे, तसंच. गोळ्या खाऊ खाऊ तोंड फुगलं माहं, पण चौकीदार काही शुद्धीवर येईना. शेवटी किडनीवर गेलं. पाय सुजले, लघवीत फेस. डॉक्टर म्हणे, असंच चाललं तं आता रक्त साफ करायच्या मशीनवर, डायलिसिसवर, जावं लागंल, पण मुंबईत एक नवीन इलाज तपासून राह्यले, तिथं धाडून पाहतो, घेतलं तं घेतलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनं मले अन् माह्या नवऱ्याले समोर बसवून मराठीत सगळं सांगितलं. कोण्या निरोगी माणसाच्या पेशी घेतल्या, त्याच्या आतले जीन बदलले, म्हणजे तुमच्या अंगानं त्यायले परकं म्हणून हाकलू नये, अन् त्यायनं आत जाऊन त्या फिरलेल्या फौजेलेच साफ करावं. पण बाई, म्हणे, आमी हे आतापर्यंत थोड्याच लोकायले दिलं, फायदा होईलच असं नाही, जिवाले धोका हाय, अन् तुमी नाही म्हटलं तरी कोणी रागावणार नाही. माह्या नवऱ्याचं तोंडच उतरलं, उठ म्हणे, घरी चाल, आपण काय उंदीर हाव? मी म्हटलं, बसा जी. जलमभर बाजारात बसली मी, जो आपल्या मालाची खोट आधी सांगते त्याच्यावर माहा इस्वास बसते. अन् मशीनवर झोपून बाजार होत नाही. मी सही केली.

आधी औषधं देऊन अंगात त्या नव्या पेशीयले जागा रिकामी केली, मंग त्यायची पिशवी सलाईनसारखी लावली. मले वाटे केवढी मोठी असंल, तं एवढीशी. मंग डॉक्टर लोक रोज येऊन विचारत, बाई तुमचं नाव काय, हे शहर कोणतं, हे हातात काय, पेन का घड्याळ. मी म्हटलं मी काय बयाड झाली का? तं म्हणे कधी कधी डोस्क्यावर असर होते, म्हणून पाहतो.

अन् काय सांगू तुमाले, तिथं मी जिवावरच उठली होती माह्या. मॅडम यायच्या सकाळी सकाळी. बाई, काही त्रास? अन् माह्या तोंडून निघे, एकदम बढिया! आमा बाजारवाल्यायचा नेमच हाय, बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायच्या आधी, पहिल्या माणसासमोर, वाईट अक्षर काढायचं नाही. खराब हाय, नाही, संपलं, असं म्हटलं का दिवस वाया गेला. जिभेलेच वळण पडलं ते. एक दिवस सकाळी अंगात हिव भरून आलं, डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली, अन् मी चादर गळ्यापर्यंत ओढून म्हणते, बढिया मॅडम, बढिया.

नर्स होती भंडाऱ्याकडची, तिची मावशी भाजी विकते. तिनं मले पाह्यलं, माह्या दातायचा आवाज ऐकला, अन् म्हणे, मावशी, बोहनी नाही झाली वाटते तुमची. माह्या उशाशी बिस्किटाचा पुडा होता, त्यातलं एक घेतलं, खिशातलं नाणं उशीवर ठेवलं, झाली बोहनी म्हणे, आता खरं बोला. मायवं, मंग माह्या तोंडाले धार लागली! हिव वाजते, डोस्कं फुटते, उठली का खोली फिरते, सगळं सांगून टाकलं. धावपळ झाली, ताप भडकला, बीपी पडलं, दुसऱ्या खोलीत हलवलं, सुयांवर सुया. मॅडम मंग म्हणे, बाई, येळेवर बोलल्या म्हणून सावरता आलं. अन् दुसऱ्या दिवसापासून एवढ्या मोठ्या मॅडम रोज सकाळी पहिले माह्याजवळून एक बिस्किट घेत, मंगच तब्येत विचारत.

आता किडनी सुधरली, लघवीत फेस नाही, जुन्या गोळ्या बंद केल्या. तपासणीले जाते, पण मशीनवर नाही गेली. मोठी छत्री लावून बसते बाजारात, अन् हाक मारली का अजूनही लोक वळून पाहतात. एक म्हातारी म्हणे, सुमन, त्या पेशी कोण्या जातीच्या माणसाच्या व? मी म्हटलं, मायबाई, माहा जीव वाचला तवा मी नाही विचारलं, तुले काहून पाह्यजे? त्या माणसाले मी ओळखत नाही, तो मले ओळखत नाही. जिथं असंल तिथं त्याचं पोट भरलेलं राहो, त्याची लेकरं सुखात राहोत.

परवा बैहरची एक पोट्टी बसनं आली, तोंडाले दुपट्टा. दुपट्टा काढला तं माह्यासारखाच चट्टा. गिऱ्हाईक पाहून राह्यले, पाहू देल्लं. माह्या बाजूले बसवली, म्हटलं, हे देवाचं नाही, बाहेरचं नाही, ल्युपस नाव हाय याचं, साध्या औषधानंही बहुत लोक बरे होतात, पहिले नागपूरले दाखव. पोट्टी रडून राह्यली. मावशी, म्हणे, तुमचं आता कायमचं गेलं का?

मी म्हटलं, मले नाही मालूम. मॅडमलेही नाही मालूम. हे किती वर्सं टिकते ते अजून कोणत्याच पुस्तकात नाही, बेटा. मी जशी जशी जगीन, तसं तसं लिहिलं जाईल.